जेवायचं राहिलंय का कोणी?

मुलगी पुण्याहून आली ती फोनमध्ये यादी घेऊनच. तीन दिवस, सहा गावं, सतरा ठिकाणं. तंजावरची चंद्रकला, तिरुवैयारूचा अशोका हलवा, कुंभकोणमचा कडप्पा आणि डिग्री कॉफी, नागूरचा वाडा. "आई, मॉलमध्ये वरच्या मजल्यावर कसं, ह्या खिडकीवरचं थोडं, त्या खिडकीवरचं थोडं खातो, तसंच करायचं. फक्त खिडक्या जरा लांब लांब आहेत."

जरा म्हणजे तंजावरपासून नागूरपर्यंत ऐंशीच्या वर किलोमीटर, आणि वाटेत कावेरीचे इतके फाटे की पूल मोजायचं मी केव्हाच सोडून दिलंय. वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, अरसलार. पण लेक वर्षातून एकदा येते. निघालो.

मी मूळची कोल्हापूरची. 1989 साली लग्न होऊन तंजावरात आले, मानोजीअप्पा वीथीजवळच्या एका जुन्या घरात. मानोजीअप्पा म्हणजे मानाजी जगताप, मराठ्यांचा सेनापती. त्याचं नाव तमिळ पाटीवर वाचताना पहिल्यांदा हसूच आलं होतं. घरात मराठी बोलत, पण हिशेब तमिळमध्ये लिहीत. रसमला सार म्हणत. पहिल्याच पंगतीत पानाच्या वरच्या बाजूला एक पांढरट, दाट पदार्थ वाढला गेला. बोटाने चाटला, तर भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. आमच्या आजीचं डांगर! शेजारच्या तमिळ मामींना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "डांगर पच्चडी." त्यांच्या लेखी तो शब्द तमिळच. मी त्या दिवसापासून पानावरचे मराठी शब्द मोजायला लागले. चिंच-डाळीतली कारल्याची भाजी ती पिट्लै, म्हणजे आपलं पिठलं नाव बदलून नव्हे, पदार्थच बदलून बसलेलं. वांग्याची रसवांगी. आणि पोळी, तिला इथे पोळीच म्हणतात. पुरण भरलेली नसेल तर ती पोळी नव्हे.

आता सांबाराचं सांगून टाकते, कारण महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक पाहुणा मोठ्या देवळाच्या आधी हेच विचारतो. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, कोणीतरी आमटीत चिंच घातली, पाहुणे संभाजीराजे होते, म्हणून सांबार. गोष्ट छान आहे. मला ती खरी वाटत नाही. तंजावरचे शहाजी 1684 ला गादीवर आले आणि संभाजीराजे 1689 ला गेले. मधली पाच वर्षं ते मोगलांशी झुंजत होते, त्यात आमटी प्यायला कावेरीकाठी कधी आले? शिवाय संभार हा शब्द संस्कृतात आहेच, जमवलेलं साहित्य या अर्थी, आणि विदर्भात तर नुसत्या कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दक्षिणेत चिंच मिळायला मराठ्यांची वाट कोण पाहात होतं! ही गोष्ट सांगणाऱ्याला मी विचारते, बरं, ओरत्तनाडूला जाऊन आलात का? नाही म्हणतात. मग मी म्हणते, मराठ्यांनी या मुलखाला खायला काय घातलं ते सांबारात शोधू नका, तिथे शोधा.

मुलीच्या यादीतही ओरत्तनाडू नव्हतं. मी ते पहिलं घातलं.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या बसने वीस-बावीस किलोमीटर. बस स्टँडवर उतरलं की तव्याचा वास येतो. एक बाई पोळी करत होत्या: मैद्याची लोळी तेलात भिजलेली, हातानेच केळीच्या पानावर थापलेली, आत चणाडाळ-गुळाचं पुरण, वेलची. लाटणं नाही. थापताना कडेकडेने अंगठा फिरतो, पुरण कडेपर्यंत जातं, आणि पान उलटं तव्यावर टाकून सोलून काढतात. आमच्या आजीने ते तेलकट पिवळं वर्तुळ पाहून कपाळावर हात मारला असता. मुलीने दोन खाल्ल्या.

तिथून थोडं चाललं की मुक्ताम्बाळ छत्र. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी ते 1802 साली मुक्तांबेच्या नावाने उभारलं. ती त्यांची लग्नाची राणी नव्हती. प्रेमाची होती, आणि ती लवकर गेली. ताजमहाल बांधायची ऐपत कंपनी सरकारने राजांकडे ठेवली नव्हती, असं मी मुलीला गमतीने म्हटलं. पण गंमत बाजूला ठेवली तर मला हेच स्मारक जास्त आवडतं. जोत्याला दगडी घोडे आणि हत्ती असे जुंपलेत की इमारतच रथासारखी निघालेली दिसते. आतल्या लाकडी खांबांवरून हात फिरवला की गुळगुळीत लागतो. किती लोक टेकून बसले असतील!

हे छत्र म्हणजे आपलं अन्नछत्र. अहिल्याबाईंची अन्नछत्रं आपल्याला ठाऊक असतात, ही नसतात. तंजावरहून पट्टुक्कोट्टै आणि पुढे किनाऱ्याने रामेश्वरपर्यंत जाणारा जो यात्रेचा रस्ता, त्यावर भोसल्यांनी टप्प्याटप्प्यावर छत्रं बांधली आणि बहुतेकांना राजघराण्यातल्या बायकांची नावं दिली. नीडामंगलमचं यमुनाम्बाळ छत्र त्याआधीचं, प्रतापसिंह राजांच्या काळातलं. प्रत्येक छत्राला गावं नेमून दिलेली. त्या गावांचं भात छत्राच्या कोठारात यायचं आणि तिथेच शिजायचं. कावेरीचं पाणी असल्यावर भाताला तोटा नव्हता. पैसा मध्ये कुठे येतच नव्हता म्हणा ना.

1799 च्या तहाने राज्य कंपनीकडे गेलं. राजांच्या हाती उरला किल्ला, वर्षाला एक लाख पागोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. तेव्हा सरफोजींनी 1801 साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिनला एक पत्र लिहिलं: बाकी काही घ्या, छत्रं माझ्याकडे राहू द्या. का राहू द्या, हे पटवण्यासाठी त्यांनी छत्रात काय काय चालतं ते बैजवार सांगितलं. ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचत होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

त्यात आहे की ब्राह्मणापासून परय्यापर्यंत कोणीही वाटसरू यावा, यात्रेकरू, जोगी, बैरागी, त्याला शिजवलेला भात मिळतो. शिजवलेला चालत नसेल त्याला शिधा. हे चालतं मध्यरात्रीपर्यंत. मध्यरात्री घंटा वाजते आणि पुकारा होतो: अजून जेवायचं राहिलंय असे कोणी असतील त्यांनी यावं. लहान मुलांना दूध. आजारी पडला तर बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण, मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे शेवटचे विधी. बाळंतीण होणाऱ्या बाईचीही सोय. प्रत्येक छत्रात मुलांना शिकवायला गुरुजी, साप-विंचवावर उतारा देणारा वैद्य. अनाथ पोरांना दिवसातून तीनदा खायला, आणि दर चार दिवसांनी तेल लावून न्हाणं.

चार दिवसांनी तेल! राज्य गेलेला राजा साहेबाला लिहितोय आणि पोरांच्या डोक्याचं तेल विसरत नाही. मला तरी सांबाराच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी मोठं वाटतं.

सगळे एका पंगतीत बसत होते असं मात्र कोणी समजू नये. भात सगळ्यांना होता, पंगत वेगळी होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते.

1855 मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि राज्याचं उरलंसुरलं नावही गेलं. पण छत्रांचा कणा मोडला तो आगगाडीने, असं मला वाटतं. नागपट्टिनम-तंजावर-तिरुच्चिराप्पळ्ळी रेल्वे 1860 च्या दशकाच्या सुरुवातीलाच धावायला लागली होती. पुढे मद्रासहून कुंभकोणममार्गे गाडी आली, आणि 1914 ला पांबनचा पूल झाल्यावर यात्रेकरू रामेश्वरपर्यंत गाडीतच बसून जाऊ लागला. किनाऱ्याचा रस्ता ओस पडला. ज्याला भूक लागायची तो आता छत्राच्या दारात नव्हता, फलाटावर होता.

फलाटावरच्या भुकेला अन्न विकत घ्यावं लागलं. या मुलखात शिजवलेलं अन्न विकणं ही गोष्ट आधी फार मानाची नव्हती. सासूबाई 1932 च्या. "अन्न विकायचं असतं का गं?" असं त्या अगदी म्हातारपणीही म्हणत, आणि वर मला दटावून हॉटेलातून इडली आणायला पाठवत. त्यांच्या वडिलांच्या तोंडी हॉटेलला शब्द होता क्लब. क्लबुकडै. कॉफी क्लब या नावाची दुकानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गावोगाव निघाली, त्यातला क्लब भाषेत राहून गेला. आमच्या भागात अजून एखादा म्हातारा "क्लबात जाऊन येतो" म्हणतो तेव्हा तो पत्ते खेळायला नाही, वडा खायला निघालेला असतो.

तोवर इथे सकाळी नीरागारम् प्यायचे, म्हणजे रात्रीच्या भातातलं आंबलेलं पाणी. कॉफी आली आणि तिने ते हटवलं. ए. आर. वेंकटाचलपती या इतिहासकाराने यावर एक फार सुरेख पुस्तक लिहिलंय, 'इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी'. तमिळ मध्यमवर्गाने कॉफीला आपली ओळख कशी करून टाकलं ते त्यात वाचावं. क्लब चालवणारे बहुतेक ब्राह्मण, कारण त्यांच्या हातचं सर्वांना चालत होतं. आणि पाटीवर 'ब्राह्मणाळ' लिहिलेलं. आत बसायच्या जागा निराळ्या. छत्रातली वेगळी पंगत अशी दामदुपटीने हॉटेलात आली. फरक इतकाच की छत्रात फुकट जेवून वेगळं बसत, इथे पैसे मोजून. पेरियार यांच्या चळवळीने त्याच्यावर बोट ठेवलं. रेल्वे स्टेशनांच्या उपाहारगृहांतली वेगळी बैठक 1941 मध्ये गेली. 1957 मध्ये मद्रासच्या मुरली कॅफेसमोर त्या एका शब्दासाठी धरणं धरावं लागलं. या गोष्टी इथल्या घरांमध्ये अजून हळू आवाजात बोलतात. आमच्याही.

सासूबाईंनी पहिल्यांदा हॉटेलात पाऊल ठेवलं ते लग्नानंतर अकरा वर्षांनी, कुंभकोणमला, आणि तेही बायकांसाठी पडदा लावलेल्या खोलीत. काय खाल्लं ते शेवटपर्यंत लक्षात होतं: एक रवा डोसा, अर्धा दिरांच्या पोराला दिलेला.

कुंभकोणमला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. कडप्पा! आपल्याकडे कडप्पा म्हणजे ओट्याची काळी फरशी, त्यामुळे मुलगी हसून हसून बेजार. इथला कडप्पा म्हणजे मुगाची डाळ मऊ शिजवून, उकडलेला बटाटा हाताने चुरून, त्यात ओलं खोबरं, खसखस, बडीशेप, हिरवी मिरची आणि लसूण यांचं वाटण. रंग पिवळट पांढरा, धड सांबार नाही, धड कुर्मा नाही. इडलीवर ओततात. बऱ्याच हॉटेलांत तो ठरावीक दिवशीच असतो, म्हणून आधी विचारून जावं. लोक याचंही मूळ मराठ्यांकडे नेतात. मी हात जोडते. कुंभकोणमच्या हॉटेलवाल्यांचं एवढं तरी त्यांच्याकडे राहू द्या. लसूण आणि बडीशेप आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात एकत्र कधी आली नाहीत. हा पदार्थ हॉटेलातच जन्मलेला असणार, घरच्या सोवळ्यापासून चार हात लांब.

मग कॉफी. डिग्री म्हणजे काय यावर दोन माणसं एकमत होत नाहीत. बहुतेक जण म्हणतात की दूध बिनपाण्याचं आहे का ते लॅक्टोमीटर घालून पाहात आणि डिग्री पास झालेल्या दुधाचीच कॉफी करत. या कॉफीचं जनकत्व पंचामी अय्यर यांच्या लक्ष्मी विलास कॉफी क्लबाकडे देतात. ते असो. करण्याची रीत बघण्यासारखी आहे. पितळेचं दोन मजली गाळणं. वरच्यात पूड घालून हलकेच दाबायची, फार दाबली तर पाणी उतरत नाही, सैल ठेवली तर पाणचट उतरतं. उकळतं पाणी ओतून झाकण लावायचं आणि विसरायचं. खाली थेंब थेंब जमतं ते पहिलं डिकॉक्शन, तेच खरं. दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं आम्ही घरी कामवाल्या माणसांनाही देत नाही, स्वतः पितो. दूध त्याच वेळी तापलेलं हवं. मग टंबळरमधून दबऱ्यात, दबऱ्यातून टंबळरमध्ये, हात वर नेत नेत. फेस धरला की थांबायचं.

महामार्गावर मात्र पितळेची भांडी मांडून 'कुंभकोणम डिग्री कॉफी' अशी पाटी लावलेली टपरी मैलामैलावर आहे. येताना एका ठिकाणी थांबलो. पितळ खरं होतं, त्याने माझं बोट भाजलं. कॉफी पुडीतली होती.

तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीकडे जाऊन मग हलवा. मूग डाळ, गव्हाचं पीठ, साखर आणि मुख्यतः तूप. लालभडक, चमच्यावरून घसरणारा. दरवर्षी पुष्य वद्य पंचमीच्या आराधनेला जगभरचे गवई येतात, आणि पंचरत्न कृती संपल्या की हलव्याच्या दुकानासमोर त्यांचीच रांग लागते.

तंजावरात चंद्रकला खाल्ली ती बॉम्बे स्वीट्समध्ये. दुकान 1949 चं. नाव मुंबईचं, घराणं उत्तरेतलं, गिऱ्हाईक तमिळ. खव्याचं सारण भरून पाकात बुडवलेली करंजी. मराठी माणसाचा यात काही हात नाही हे मुलीला सांगताना थोडं वाईट वाटलं. मग तिला सरस्वती महाल ग्रंथालयात नेलं आणि दाखवलं की आमच्या बाजूलाही काही जमा आहे. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्ताने 'भोजनकुतूहल' लिहिलं, त्यात जिलबी आहे, कुंडलिका या नावाने. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी या रघुनाथाचा छडा लावला. आणि सरफोजींच्या काळातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र', मराठीत, त्यात विलायती पदार्थसुद्धा. राजांना सगळं चाखून पाहायचं होतं. "म्हणजे यादीवाले होते," मुलगी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नागूर. दर्ग्याच्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, 131 फुटी, तो प्रतापसिंहांनी बांधून दिलेला. सावलीत वाडा विकणारे. तांदळाच्या पिठाचा जाडसर वडा, वर अख्खी कोळंबी चिकटवलेली. मुलीने तीन खाल्ले. मी देशस्थांची सून. तोंड फिरवलं, वास मात्र घेतला. कोल्हापूर आठवलं.

परतताना यादीत नसलेलं आणखी एक ठिकाण मी दाखवलं, तंजावरातलं अम्मा उणवगम. 2013 मध्ये सरकारने सुरू केलेल्या योजनेतली ही खानावळ. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात. आम्ही उभ्यानेच खाल्लं. शेजारी इस्पितळातल्या रुग्णाचे नातेवाईक, एक रिक्षावाला, दोन कॉलेजची मुलं. सांबार पातळ होतं. मुलगी काही बोलली नाही, फोटोही काढला नाही. इडली मात्र दुसऱ्यांदा घेतली.

छत्रांच्या जमिनींचा कारभार आजही जिल्हाधिकारी कचेरीतल्या एका वेगळ्या विभागाकडे आहे. खंड येतो, कागद हलतात. भात शिजत नाही.

तंजावरला आलात तर मोठं देऊळ बघाच, तिथल्या भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेखही वाचा. पण अर्धा दिवस राखून ओरत्तनाडूला जा. दगडी घोडे बघा, खांबाला टेकून पाच मिनिटं बसा, आणि बस स्टँडवर पोळी खाऊन परत फिरा. जायचं असेल तर संध्याकाळच्या आत जा. घंटा आता वाजत नाही, आणि पोळीवाल्या बाई आठलाच तवा उतरवतात.